बेल्ट्रे, तिसऱ्या बेसवर

२६ जुलै २०१७ च्या रात्री आर्लिंग्टनच्या मैदानावर एका माणसाने एक चटई ओढली आणि अंपायरने त्याला सामन्यातून बाहेर काढलं. गोष्ट एवढीच. बेसबॉलचा सामना, नऊ डावांतला आठवा चालू होता, मायामीचा संघ आमच्या टेक्सास रेंजर्सना धू धू धुत होता. शेवटी तो सामना २२-१० असा गेला. ज्याची बॅटिंगची पाळी पुढे असते त्याने जिथे थांबायचं तिथे मैदानावर एक मोठी गोल चटई अंथरलेली असते, ऑन-डेक सर्कल म्हणतात तिला. रेंजर्सचा एड्रियन बेल्ट्रे त्या चटईपासून काही पावलं लांब, त्याच्या सवयीच्या जागी बॅट घेऊन उभा होता. अंपायर गेरी डेव्हिस यांनी त्याला सांगितलं, चटईवर उभा राहा. बेल्ट्रेने त्यांच्याकडे पाहिलं, चालत चटईपाशी गेला, वाकून तिची कड धरली, ती फरफटत आपण उभे होतो तिथे आणली आणि तिच्यावर उभा राहिला. तत्क्षणी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला गेला. मॅनेजर जेफ बॅनिस्टर तावातावाने भांडायला आले, तर तेही बाहेर.

त्या रात्री बेल्ट्रेच्या नावावर २,९९६ हिट्स झाल्या होत्या, म्हणजे चेंडू मारून तितक्यांदा तो बेसवर, धाव पुरी करायला गाठाव्या लागणाऱ्या थांब्यांपैकी एकावर, सुखरूप पोचला होता. त्यांतल्या तीन त्याच सामन्यातल्या, त्यातही एक होम रन, म्हणजे कुंपणापलीकडचा फटका. तीन हजारांना चार कमी. तोवर मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, अख्ख्या इतिहासात फक्त तीस जणांनी तो आकडा गाठला होता. वय अडतीस, सामना केव्हाच हातचा गेलेला, आणि तरी हा माणूस आठव्या डावात पुढच्या चेंडूची वाट बघत उभा. सामना संपल्यावर पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की तो काही गंमत करत नव्हता. चटईवर उभा राहा म्हणाले, तो राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ज्याच्या त्याच्या फोनवर ती क्लिप होती आणि सगळे खो खो हसत होते. मीही हसले. पण हसून झाल्यावर ते प्रकरण मनातून जाईना. एवढ्याशा गोष्टीचं मला इतकं का लागावं हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

मला वाटत होतं, तो खरंच गंमत करत नव्हता.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल सुरुवातीला रिकामा वाटतो. मीही डॅलसला आले तेव्हा मैदानावर गेले ते शेजाऱ्यांना नाही कसं म्हणायचं म्हणून. जुलैतलं टेक्सास म्हणजे संध्याकाळी सातलाही ३८ अंश. तेव्हाचं जुनं मैदान उघडं होतं, छताखालचं गारेगार स्टेडियम २०२० मध्ये आलं. खुर्च्यांचे चटके, पायाखाली शेंगांच्या टरफलांचा खच, तळलेल्या कांद्याचा आणि सनस्क्रीनचा एकत्र झालेला वास, आणि खाली हिरव्यागार गवतावर अर्धा-अर्धा तास काहीही न घडणं. आमची तिकिटं थर्ड बेसच्या बाजूची होती, म्हणून माझी नजर आपोआप तिथे उभ्या असलेल्या माणसावर गेली. आणि मग तिथेच राहिली. काहीही घडत नसताना तो सतत काहीतरी करत होता. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, हात उचलण्याआधी दोन छोटी पावलं पुढे, गुडघे वाकलेले, ग्लोव्हची पाठ जवळजवळ मातीला टेकलेली. चेंडू बॅटरने सोडून दिला की सरळ होणं, एका पायाने माती सारखी करणं, शेजारच्या जागी उभ्या शॉर्टस्टॉपला काहीतरी बोलून हसणं, आणि पुन्हा तीच दोन पावलं. प्रत्येक चेंडूला. मी घरी आले तेव्हा धावसंख्या किती झाली होती ते मला आठवत नव्हतं, ती दोन पावलं मात्र आठवत होती.

थर्ड बेस ही जागाच अवघड. बॅटर आणि थर्ड बेस यांच्यात अंतर नव्वद फूट, आणि बंट, म्हणजे बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू, पडेल अशी शंका असेल तर खेळाडू त्याहूनही पुढे येऊन उभा राहतो. उजव्या हाताच्या बॅटरने जोरात ओढलेला चेंडू ताशी १६० किलोमीटरने निघाला की तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ घेतो. विचार करायला त्यात वाव नाही. आणि तो अडवला म्हणजे काम झालं असंही नाही, कारण तिथून मैदानाच्या आरपार फर्स्ट बेसपर्यंत सव्वाशे फुटांची फेक बाकी असते. पण बेल्ट्रेची खरी कला दिसायची ती नेमकी उलट्या चेंडूवर, म्हणजे बॅटला जेमतेम लागून टपटपत, मरतुकडा होऊन थर्ड बेसच्या रेषेने येणाऱ्या चेंडूवर. असा चेंडू आला की तो पूर्ण वेगात पुढे झेपावायचा. ग्लोव्ह वापरायला वेळ नसतो. उजव्या हाताची उघडी बोटं चालत्या चेंडूवर पडायची, आणि कंबर सरळ न करता, पाय धावतच असताना, गुडघ्याच्या उंचीवरून तो हात शरीराच्या आडवा फिरायचा. फेकल्यावर तो स्वतः तोल जाऊन पुढे दोन-चार पावलं धडपडत जायचा, म्हणून चेंडू पोचला का हे तो बघायचाच नाही बहुतेकदा. ते त्याला फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हच्या आवाजावरून कळत असावं. बॅटर अर्ध्या पावलाने बाद.

एका उन्हाळ्यात बाबा आले होते, त्यांना घेऊन गेले. गिरगावात वाढलेले, ओव्हल आणि क्रॉस मैदानावर दुपारच्या दुपारी घालवलेले बाबा. मला धास्ती होती की ते दोन डावांत उठू या म्हणतील. तिसऱ्या डावात मी विचारलं, "बाबा, कंटाळा आला का?" तर म्हणाले, "गप्प बस गं. तो माणूस बघ. टाच टेकत नाही जमिनीला." थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "एकनाथ सोलकर असाच उभा राहायचा." मग घरी येताना गाडीत सोलकरच. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानाच्या कडेच्या खोलीत वाढलेला. हेल्मेट नाही, काही नाही, बॅटच्या टोकाशी फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा. सत्तावीस कसोट्यांत त्रेपन्न झेल. आणि १९७१ साली लंडनच्या ओव्हलवर वेंकटच्या चेंडूवर झेपावून घेतलेला ॲलन नॉटचा तो झेल, जो बाबांनी रेडिओवर ऐकला आणि नंतर आयुष्यभर डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगितला. मी त्यांना सांगितलं की बेल्ट्रेही असाच, तो गार्डसुद्धा लावत नसे. २००९ च्या ऑगस्टमध्ये सिअ‍ॅटलकडून शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध खेळताना एक चेंडू टप्पा पडून नको तिथे बसला. तसाच खेळत राहिला, सामना चौदाव्या डावापर्यंत लांबला, विजयी धावही त्यानेच पूर्ण केली, आणि मग दवाखान्यात गेला. बाबांनी चेहरा वेडावाकडा करून खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "वेडी माणसं. पण अशीच लागतात तिथे."

मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त वाचावंसं वाटलं ते त्याच्या सुरुवातीबद्दल. बेल्ट्रे सांतो दोमिंगोचा, ७ एप्रिल १९७९ चा जन्म. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये मोठ्या अमेरिकन संघांच्या अकादम्या आहेत. लॉस एंजेलिस डॉजर्सची काम्पो लास पाल्मास ही त्यातली नावाजलेली. १९९४ च्या जुलैमध्ये डॉजर्सनी त्याला करारबद्ध केलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. नियमाप्रमाणे सोळा पूर्ण हवी होती, म्हणून कागदावर वय वाढवलं गेलं. ही गोष्ट बाहेर आली पाच वर्षांनी, तो मेजर लीगमध्ये खेळायला लागल्यावर. १९९९ च्या शेवटी बेसबॉल कमिशनरनी डॉजर्सना दंड केला, त्या देशातलं त्यांचं खेळाडू शोधण्याचं काम वर्षभर बंद करायला लावलं, आणि बेल्ट्रेला करारातून मोकळं करावं ही त्याची मागणी मात्र फेटाळली. त्याला नुकसानभरपाई मिळाली ४८,५०० डॉलर. मी हे वाचलं तेव्हा माझा मुलगा जवळपास त्याच वयाचा होता, सकाळी तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नसे. त्या वयाच्या मुलाचा हात, खांदा, नजर बघून कुणीतरी ठरवतं की हा घ्यायचा, आणि त्याच्या जन्मतारखेची अडचण होते म्हणून ती तारीख बदलून टाकतात. मोठी माणसं ठरवतात. मोठी माणसं चुकतात. मोठ्या माणसांचं आपापसांत मिटतं. मुलगा खेळत राहतो, कारण दुसरं काय करणार. या खेळावर माझा जीव आहे आणि त्याचा हा भाग मला अजिबात आवडत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना संपवत नाहीत.

१९९८ च्या जूनमध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने मेजर लीगमधला पहिला सामना खेळला आणि पहिल्याच बॅटिंगला डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारला. २००१ च्या सुरुवातीला मायदेशी असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ते बिघडलं, जखम भरेना, संसर्ग झाला, पोटाला पिशवी लावून राहावं लागलं. एकविसाव्या वर्षी, ज्या वयात शरीराकडे कुणी लक्षसुद्धा देत नाही. मे महिन्यात तो परत मैदानावर होता. आणि मग आलं २००४: ४८ होम रन, .३३४ ची सरासरी, सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात बॅरी बाँड्सच्या खालोखाल दुसरा.

त्यानंतरची पाच वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. सिअ‍ॅटलने त्याला पाच वर्षांसाठी ६४ मिलियन डॉलर दिले, आणि लोकांना दरवर्षी ४८ होम रन हवे होते. झाले पाच वर्षांत मिळून १०३. तिथल्या मैदानाची डावी बाजू तेव्हा उजव्या हाताच्या बॅटरला खाऊन टाकायची. कुंपण लांब, समुद्राकडची थंड दमट हवा, चेंडू उंच जायचा आणि मरून खाली यायचा. ते कुंपण पुढे, २०१३ मध्ये आत घेतलं, पण तोवर बेल्ट्रे केव्हाच गेला होता. नावापुढे 'कराराच्या वर्षात खेळला आणि मग झोपला' असा शिक्का बसलेला. त्याच वर्षांत त्याने थर्ड बेसवरच्या क्षेत्ररक्षणाचे दोन गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवले, २००७ आणि २००८ मध्ये. म्हणजे रोज रात्री तीच दोन पावलं, तीच मातीला टेकलेली ग्लोव्हची पाठ, अडवलेले चेंडू. पण अडवलेल्या चेंडूचं वर्तमानपत्रात काही छापून येत नाही. जो रन झाला नाही तो दिसणार कसा? आपल्याकडेही घर चालवणाऱ्या बायकांचं असंच असतं, जे बिघडलं नाही त्याची नोंद कोण ठेवतं. एका माणसाला पाच वर्षं अपयशी म्हटलं गेलं आणि तो त्या काळात आपलं अर्धं काम जगात सगळ्यात चांगलं करत होता, याचा मला आजही राग येतो.

२०१० मध्ये बॉस्टनने त्याला एका वर्षासाठी घेतलं. त्याने ४९ डबल मारले आणि एकतिसाव्या वर्षी, बारा हंगाम खेळून झाल्यावर, पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या संघात गेला. मग तो आमच्याकडे टेक्सासला आला आणि पुढची आठ वर्षं इथेच राहिला. वय वाढतं तसा माणूस आखडत जातो असं मी बघत आले आहे. याचं उलटं झालं. डोक्याला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, म्हणून संघातल्या प्रत्येकाचा एकच ध्यास, होम रन मारून आला की त्याच्या डोक्याला हात लावायचा. शॉर्टस्टॉप एल्व्हिस आंद्रूस त्यात पुढे. बेल्ट्रे चिडायचा, मागे धावायचा, एकदा तर ग्लोव्ह फेकून मारला. दोघांच्या मध्ये उंच झेल उडाला की आंद्रूस अगदी शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या अंगाशी झोंबायचा, आणि पन्नास हजार लोक श्वास रोखून बघत असताना झेल बेल्ट्रेच्या ग्लोव्हमध्ये पडायचा. बॅट अर्धवट फिरली की नाही हे विचारायचा हक्क समोरच्या संघाचा. हा स्वतःच फर्स्ट बेसच्या अंपायरकडे बोट करून विचारायचा. बाहेर वळणाऱ्या चेंडूवर तोल गेला तर एक गुडघा जमिनीला टेकवून तसाच होम रन मारायचा. हे सगळं बघायला मजा यायची, पण त्या मस्तीपायी त्याचं खेळातलं लक्ष कधी ढळलेलं मला दिसलं नाही. हसणं त्याच्या कामाच्या आत होतं, कामाच्या आड कधी आलं नाही.

त्या चटईचं मला एवढं का लागलं ते मला असं टीव्हीवर जुने सामने बघता बघता हळूहळू उमगलं. आपल्या शाळांमध्ये, ऑफिसांमध्ये, देवळात, स्वयंपाकघरातसुद्धा शिकवण एकच असते, काम मन लावून करणारा माणूस गंभीर दिसला पाहिजे. हसला म्हणजे त्याला पडलेलं नाही. आणि इथे हा माणूस, ज्याचा खेळ पंधराव्या वर्षीच धंदा झाला, ज्याच्या वयाचा कागद दुसऱ्यांनी लिहिला, ज्याच्या पोटाला पिशवी लागली, ज्याला अपयशी म्हटलं, तो अडतिसाव्या वर्षी, सामना हरलेला असताना, तीन हजारांच्या तोंडाशी, अजूनही खेळत होता. खरोखर खेळत होता. जागा त्याची ठरलेली होती. बॅटिंगआधी पिचरकडे बघायला तीच जागा त्याला हवी होती. चटई हवी असेल तर चटई आणतो, त्यात काय. त्या कृतीत मला अपमान दिसला नाही, उद्धटपणाही नाही. मला दिसलं ते सांतो दोमिंगोच्या त्या मुलातलं काहीतरी, जे कुणाला विकत घेता आलं नव्हतं. म्हणून त्याला बाहेर काढलेलं मला सहन झालं नाही.

चारच दिवसांनी, ३० जुलैला, बाल्टिमोरच्या वेड माइलीविरुद्ध त्याने तीन हजारावी हिट मारली. तीही डबल, थर्ड बेसच्या रेषेलगत डाव्या कोपऱ्यात. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला तो पहिला तीन हजारी. त्याची मुलं मैदानावर धावत आली, संघातले सगळे मिठ्या मारत होते, आणि त्या गर्दीतही तो एका हाताने डोकं सांभाळत होता. सामना रेंजर्स हरले. समोरचा संघ बाल्टिमोर होता हे मला विशेष वाटतं, कारण थर्ड बेसवर सर्वांत जास्त सामने खेळणारा ब्रूक्स रॉबिन्सन बाल्टिमोरचाच, तेवीस हंगाम एकाच संघाकडून, २,८७० सामने. दुसरा क्रमांक बेल्ट्रेचा, २,७५९. एकवीस हंगाम खेळून तो २०१८ च्या नोव्हेंबरात थांबला तेव्हा ३,१६६ हिट्स आणि ४७७ होम रन झाले होते.

२०२४ च्या जानेवारीत, बेसबॉलच्या थोर खेळाडूंना मान देणाऱ्या हॉल ऑफ फेमचं मतदान झालं, पहिल्याच फेरीत ९५.१ टक्के. जुलैत हॉल ऑफ फेमच्या गावी, कूपर्सटाउनच्या मंचावर तो भाषणाला उभा राहायच्या बेतात असताना बॉस्टनमधला जुना सहकारी डेव्हिड ऑर्टिझ याने मागून येऊन त्याच्या डोक्याला हात लावला, आणि मी इथे सोफ्यावर टाळ्या वाजवल्या. बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "झालं ना आता तुझ्या मनासारखं सगळं?"

सगळं नाही झालं. २०११ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या सात सामन्यांच्या मालिकेच्या, पाचव्या सामन्यात त्याने सेंट लुईसचा पिचर ख्रिस कार्पेंटर याला एका गुडघ्यावर टेकून होम रन मारला, तो बरोबरीचा होता, आणि रेंजर्स जिंकून ३-२ असे पुढे गेले. सहाव्या सामन्यात सेंट लुईसमध्ये सातव्या डावात त्याने आणि नेल्सन क्रूझने पाठोपाठ होम रन मारले. नवव्या डावात रेंजर्सना एक स्ट्राइक, म्हणजे बॅटरला चुकलेला एक चेंडू, हवा होता, फक्त एक, आणि अजिंक्यपद त्यांचं होतं. सेंट लुईसच्या डेव्हिड फ्रीझने, तोही थर्ड बेसमनच, चेंडू क्रूझच्या डोक्यावरून भिंतीपर्यंत मारला. दहाव्या डावात पुन्हा एकच स्ट्राइक हवा होता, पुन्हा नाही मिळाला. अकराव्यात फ्रीझनेच होम रन मारून सामना संपवला, आणि सातवाही गेला. बेल्ट्रे पुन्हा कधी वर्ल्ड सिरीज खेळला नाही. रेंजर्सना ती २०२३ मध्ये मिळाली, तो निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्यावर. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले, मीही नाचले. पण कूपर्सटाउनच्या दिवशीच्या त्या फोनवर मी बाबांना सांगितलं, तीन हजार हिट्स घ्या, ते पंच्याण्णव टक्के घ्या, मला त्याच्यासाठी तो नवव्या डावातला एक स्ट्राइक हवा आहे. बाबा म्हणाले, "मिळायचा नाही तो." मी म्हटलं, ठाऊक आहे, तरी हवा आहे.